चटका न बसणारे पाय

एप्रिल लागला की सोलापुरात दुपारचे रस्ते ओस पडतात आणि आमच्या मेसच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, नर्सिंगच्या मुली पुटपुटायला लागतात. टाकीची सावली सरकते तशा मुली सरकतात. एकीच्या तोंडी काळीज असतं, दुसरीच्या तोंडी मूत्रपिंड, तिसरी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून रक्त गोठवत असते. खाली स्वयंपाकघरात मी ज्वारीचं पीठ मळते. पलीकडच्या गल्लीतले यंत्रमाग खडखडत असतात. त्या खडखडाटात वरचे शब्द मिसळून जातात, आणि मला कळतं, परीक्षा आली.

मला या दिवसांची धास्ती वाटते, आणि या दिवसांचे उपकारही फार वाटतात. असल्याच एका उन्हाळ्यात आमच्या ह्यांचा उजवा पाय राहतो की कापावा लागतो, अशी वेळ आली होती. तो पाय राहिला तो एका पोरीमुळे आणि एका विषयामुळे. त्या विषयाचं नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. पॅथोफिजिऑलॉजी. बघा, लिहितानासुद्धा दोनदा थांबले. मी त्याला आपलं 'आजाराचं आतलं' म्हणते. बाकीचे विषय ताप आला तर काय करायचं ते सांगतात. हा विषय सांगतो की ताप येतो कसा, कोण आणतो, आणि कशासाठी.

मी भंडाऱ्याकडची. वैनगंगेच्या काठचं गाव, चहूकडे धानाच्या बांध्या आणि तळी. आठवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा नदीपल्याड होती आणि पावसाळ्यात नाव बंद असायची, एवढंच कारण. पण माझ्यासारख्या भित्र्या मुलीला तेवढं पुरलं. लग्नानंतर ह्यांच्या घरचा हातमाग बंद पडला, कोणी तरी सांगितलं सोलापुरात टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत, म्हणून दोन पिशव्या घेऊन आम्ही इथं उतरलो. भाताची माणसं भाकरीच्या मुलखात आलो. पहिल्या वर्षी माझी भाकरी तव्यावर जायच्या आधी परातीतच फुटायची. मेसच्या मालकीणबाई हसल्या नाहीत, शेजारी बसून शिकवत राहिल्या. इतक्या लांब येऊन जी मला हसली नाहीत ती सगळी माणसं मला नावानिशी आठवतात.

मुली मात्र हसायच्या. मी 'का'च्या जागी 'काऊन' म्हणते ना, आमच्याकडे तसंच म्हणतात. त्यामुळे माझं नावच पडलं, काऊन मावशी.

तर त्या मुलींच्या बनसोडे मॅडमची एक रीत होती. अजून आहे. परीक्षेच्या आधी प्रत्येक मुलीने एक आजार निवडायचा आणि ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही अशा माणसाला साध्या मराठीत समजावून सांगायचा. इंग्रजी शब्द आला की दंड. दंड म्हणजे मुलीच्या वाटीतली एक भाजलेली शेंग ऐकणाऱ्याच्या ताटात जायची. मॅडम म्हणायच्या, "पेशंटच्या उशाशी बसून तुम्ही काय पुस्तक वाचून दाखवणार आहात? समोरच्याला कळलं तरच तुम्हाला आलं." ऐकणारं माणूस म्हणून मुलींनी मला धरलं. मी काय, रोज तिथंच होते. संध्याकाळचा स्वयंपाक चढवायच्या आधी तासभर मोकळा असायचा. पायरीवर बसायचं, पुढ्यात ताट ठेवायचं, आणि ऐकायचं. त्या दिवसांत मी शेंगा खाऊन खाऊन जाड झाले.

किती सुंदर सांगायच्या पोरी! माझ्या हातावर तव्याचा चटका बसला होता, तोच धरून एकीने मला सूज शिकवली. म्हणाली, "मावशी, हे लाल दिसतंय ना, तितं जादा रक्त पळत आलंय. गरम लागतंय ते त्याच्याच पायी. आता बारीक नळ्या मुद्दाम सैल झाल्यात, आतले शिपाई भिताडातून बाहेर पडायला. त्यांच्याबरोबर पाणी बी आलं, म्हणून फुगलं. आन् दुखतंय ते तुमाला सांगायला, की ह्या हाताला जरा जपा." मी हाताकडे बघत राहिले. आयुष्यभर सूज म्हणजे बिघाड समजत होते. ती तर दुरुस्ती निघाली! माझ्या नकळत, मला न विचारता, माझ्या हातात एवढी धावपळ चालली होती, आणि मी मात्र त्याच हातावर वैतागून फुंकर मारत होते.

दुसरीने दमलेलं हृदय सांगितलं. इथं नळाला पाणी रोज येत नाही, आलं की सगळी इमारत मोटरी लावते. ती म्हणाली, "मोटर दमली की वरच्या मजल्याला पाणी चढत न्हाय, आन् खाली हौदाजवळ नुसतं साचून राहतंय. हृदय दमलं की तसंच. डोक्याला कमी, पायाला सूज." मी लगेच छातीवर हात ठेवला. मला तेव्हा रोज तेच व्हायचं. ज्या आजाराचा धडा, तो आजार त्या दिवशी मला. पोरी खो खो हसायच्या. "मावशी, हृदय डावीकडं असतंय. तुमी उजवीकडं धरलंय की!"

हसण्यावारी नेलं तरी भीती खरी असायची. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला आजारपणाची वेगळीच भीती असते. गावाकडे माणूस पडलं तर चार घरं धावतात. इथं कोण? भाड्याची पत्र्याची खोली, शेजारी तेलुगू बोलणारी अक्का, तिच्याशी माझं बोलणं निम्मं हातवाऱ्यांनी. आणि ह्यांना शुगर. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे. "मले काही होत नाही," हे त्यांचं एक ठरलेलं.

आता महादेवीचं सांगते. कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची पोर. घरी कानडी, शाळा मराठी, पुस्तकं इंग्रजी, म्हणजे एक वाक्य तीन दारांतून आत यायचं. उंच, सावळी, वेणी कमरेपर्यंत, आणि बोलताना सारखी वेणीचं टोक पिळायची. तिने शुगर निवडली होती. पाठ तिचं सगळं झालेलं असायचं, पण माझ्यापुढे बसली की पुस्तकातलं वाक्य धाडकन यायचं आणि शेंगा जायच्या. "अय्यो," म्हणायची, "तुमी आधीच ताट पुढं करू नका ओ मावशी, मला भ्या वाटतंय." रोज वाटी रिकामी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून घेऊन यायची. मॅडमनी तिला एकदाच सांगितलं होतं, "महादेवी, तुला येतंय. फक्त पेशंट डोळ्यापुढं आण." मॅडमचं मला कौतुक वाटायचं ते याचंच. रागावणं त्यांना जमायचं, पण तू ढ आहेस असं कुणाला वाटू देणं जमायचं नाही. अशी एक बाई नदीपल्याडच्या शाळेत असती तर, असं कधी कधी मनात येतं. जाऊ द्या.

मग एक दिवस महादेवीला सूर लागला. तिने लग्नाची पंगत घेतली. "मावशी, पंगत बसलीय. पातेलं भरून भात हाय. पण वाढपीच न्हाय. मग? पातेलं भरलेलं आन् माणसं उपाशी. शुगरच्या माणसाचं तसं हाय. रक्तात साखर लई, पण आतल्या माणसांच्या पानात पडतच न्हाय."

"वाढपी काऊन नाही?"

"काहींचा येतच न्हाय. काहींचा येतोय, पण पंगतच त्याला वळखंना झालीय, पानं झाकून बसलीय."

"मग सारखी तहान काऊन लागते? आमच्या ह्यांना लागते."

"साखर लघवीतनं बाहेर पडते, जाताना पाणी बी वढून नेते. पाणी गेलं की तहान लागणारच की." एकही शेंग गेली नव्हती. वेणी हातातून सुटली होती. ती पुढे निघाली, "आन् हे असं वर्षानुवर्षं चाललं ना, की बारीक नळ्या खराब होतात, आन् पायातल्या शिरा, म्हणजे निरोप नेणाऱ्या तारा, त्या मरतात. मग पायाला कळंना होतंय. टोचलं, कापलं, भाजलं, काय बी…"

मी तिचं बोलणं तोडलं. मला वाटलं, आता आपणही एक सांगावं, एवढं छान सांगते आहे पोरगी. मी हसत म्हटलं, "आमच्या ह्यांचं उलटं आहे बघ. शुगर आहे, पण पाय कसले दणकट! भर दुपारी पत्र्यावर अनवाणी चढतात. चटका म्हणून बसत नाही."

हे खरंच होतं. इथल्या उन्हात पत्र्याची खोली म्हणजे भट्टी. लोक पत्र्यावर पोती अंथरतात आणि ती ओली ठेवतात, तेवढाच गारवा. दुपारी पोती वाळली की पुन्हा भिजवायला वर जावं लागतं. चप्पल घसरते म्हणून अनवाणी. गल्लीतली तरणी पोरं दोन पावलांत "आई गं" करून खाली उड्या मारायची, आणि आमचे हे कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत आले की बादली घेऊन बागेत फिरावं तसे फिरायचे. पाहता पाहता सगळ्या गल्लीच्या पत्र्यांचं काम ह्यांच्याकडे आलं. अक्का कमरेवर हात ठेवून वर बघायची आणि तेलुगूत काही म्हणायची, पोरं आम्हाला मराठी करून सांगायची, "तुमच्या पायाला नाल ठोकलीय काय?" हे वरून हसायचे. परक्या गावात आमच्या माणसाचं नाव झालं होतं. मला बरं वाटायचं. का वाटू नये? सगळ्या गल्लीला तसंच वाटत होतं.

महादेवी हसली नाही. वाटी तिने बाजूला ठेवली. "मावशी," ती म्हणाली, "काका आता कुटं हायेत?"

"कारखान्यातून आले असतील. काऊन?"

"चला."

"अगं, डाळ…"

"डाळ ऱ्हाऊ द्या ओ. चला तुमी."

ती माझ्यापुढे चालत होती. मला रस्ता दाखवायचा होता, पण तीच पुढे. घरी हे दारात बसून चहा पीत होते. तिला बघून म्हणाले, "ये ना बेटा, मावशीनं लई सांगितलं तुयं." तिने त्यांना डोळे मिटायला लावले. पर्समधून पेन काढलं, टोपण लावलेलं. म्हणाली, "काका, मी पायाला टोपण लावते. लागलं की 'हां' म्हणा."

तिने डाव्या पायाच्या अंगठ्याखाली लावलं. मग मधे. मग टाचेला. मग उजवा पाय. टोपण दाबल्यावर तळव्याला खळगा पडत होता, मला दिसत होता. हे डोळे मिटून, हसऱ्या तोंडाने, वाट बघत होते.

"लाव ना वो पोरी लवकर," ते म्हणाले. "चहा निवून राह्यला माया."

महादेवीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मागांचा आवाज चालू होता. मग तिने हळूच उजवा तळवा उचलून उजेडाकडे फिरवला. करंगळीच्या खाली फोड येऊन फुटलेला होता, कडा काळपट, आत ओलं, आणि त्यात पोत्याचा एक धागा चिकटलेला. वासही होता. इतके दिवस मला वाटत होतं, मोरीला वास येतोय.

"दवाखान्यात जायचं काका. आत्ताच."

"अवं, दुखत तं नाही ना! दुखल्याबिगर कोणी जाते का? उद्या माया खाडा होईल."

मी रडायला लागले. मला तेवढंच येतं. महादेवी रडली नाही. ती खाली फरशीवर बसली, त्यांचा पाय तिच्या मांडीवर, आणि बोलायला लागली. पुस्तकातलं एक अक्षर नव्हतं त्यात. म्हणाली, "काका, दुखणं हा तुमच्या पायाचा राखणदार हाय. तो गेला, म्हणून तुमाला वाटतंय की घरात चोर न्हाय. चोर आत हाय. नळ्या अरुंद झाल्यात, शिपाई तिथवर पोचंनात, पोचले तरी साखरेनं सुस्त झालेत. जखम आतल्या आत वर चढतीय. दुखंना म्हणून तर मला भ्या वाटतंय. दुखलं असतं तर मी म्हणाले असते, उद्या जाऊ."

ह्यांनी पाय वळवून बघितला. जणू दुसऱ्याचा पाय होता तो. मग विचारलं, "म्हंजे काटा मोडला, असं?"

ती गोंधळली. "कसला काटा?"

मग त्यांनी तिला सांगितलं. मागावर एक छोटा काटा असतो, आडव्या धाग्याला टेकलेला. धागा तुटला की काट्याला कळतं आणि माग आपोआप थांबतो. तो काटा मोडला तर माग थांबत नाही. खडखड चालूच राहतो, बघणाऱ्याला वाटतं काय जोरात काम चाललंय, आणि खाली कापड मात्र हातभर विरत जातं.

"व्हय काका," महादेवी म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते. "अगदी हेच. मला हे असं सांगता येत नव्हतं बगा."

"मंग थांबवा लागन माग," हे म्हणाले, आणि उठले. मी पुढे केलेली चप्पल त्यांनी पहिल्यांदाच जपून घातली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी पाय बघितला, मग आम्हा सगळ्यांकडे. घोट्याच्या वरपर्यंत लाली चढली होती. म्हणाले, बोटं तर जातील, पाय ठेवायचा प्रयत्न करू, सांगता काही येत नाही. त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. वॉर्डातले पंखे आठवतात, गरम हवा ढवळणारे. खिडकीबाहेरचा कडुलिंब आठवतो. सकाळी ड्रेसिंगच्या वेळी मी तोंड फिरवायची, आणि मग एकदा फिरवलं नाही. महादेवी परीक्षेच्या मधल्या सुट्ट्यांत यायची. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हाताने चादर सारखी करायची. मी तिला म्हणायची, "जा गं, अभ्यास कर." ती म्हणायची, "हाच अभ्यास हाय की." एकदा बनसोडे मॅडमही आल्या. जखमेत खाली लालसर दाणेदार मांस दिसायला लागलं होतं, ते पाहून मी घाबरले होते. मॅडम वाकल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "घाबरू नका. नवीन रक्तवाहिन्या फुटतायत. ही चांगली बातमी आहे." महादेवीला विचारलं, "काय म्हणतात याला?" तिने सांगितलं. इंग्रजी होतं, पण त्या दिवशी शेंगा कोणाजवळ नव्हत्या.

मला आमच्या बांध्या आठवल्या. रोवणीनंतर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडतात, वाटतं गेलं सगळं. मग एका सकाळी मुळं धरतात आणि हिरवे कोंब वर येतात. ह्यांच्या पायात तसं चाललं होतं. जळालेल्या, चिंधड्या झालेल्या जागेत शरीर खालून, तळातून, इंच इंच भरून घेत वर येत होतं. त्याला कोणी पाढे शिकवले नव्हते. मी आठवी, हे सातवी. पण आमच्या आत एवढं ज्ञान होतं! नुसतं त्याला साखर आवरून हवी होती, स्वच्छता हवी होती, आणि वेळेवर थांबलेला माणूस हवा होता.

करंगळी गेली, तिच्या शेजारचं बोट गेलं. पाय राहिला.

महादेवी पास झाली. किती मार्क पडले ते मी विचारलं नाही. आता ती मोठ्या शहरात नोकरीला आहे, फोनवर आधी काकांच्या पायाचं विचारते, मग माझं. हे आता मागावर उभे राहत नाहीत. बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरतात. नवी पेठेत हिंडून मी त्यांना मऊ तळव्याचे बूट घेतले. घरातही घालायचे. पहिल्यांदा फार लाजायचे, "घरात बूट घालून साहेब झालो का मी?" गल्लीचे पत्रे आता पोरं पहाटेच भिजवतात. अक्काच्या घरच्या म्हातारबाबांनाही शुगर आहे. मी दाखवलं होतं तसं तिने त्यांच्या तळव्याला टोपण लावून बघितलं आणि मला हाक मारली, तेव्हा मी तेलुगूत चार शब्द जोडून तिला जमेल तसं सांगितलं. मग त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. मी फार काही शिकले असं नाही. शुगर सोडून दुसऱ्या आजारात माझं अजून डावं-उजवं होतं. पण आपल्या माणसाच्या शरीरात काय चाललंय हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, हे मला कळलं. ते आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते फक्त शिकलेल्यांना विचारता येतं.

मॅडमनी सांगून ठेवलं आहे, गेलेल्या तारा बहुतेक परत येत नाहीत. पायाला पुन्हा कळेल असं धरून चालू नका. म्हणून संध्याकाळी, उजेड असतानाच, हे दारात चटई टाकून पालथे पडतात आणि पाय माझ्या बाजूला करतात. मी बोटांच्या फटी उघडून बघते, टाचेच्या भेगा बघते, तळवा हाताने चाचपते, कुठे गरम लागतं का, कुठे लाल आहे का, कुठे खडा रुतलाय का. त्यांना माझा हात कळत नाही. मी कुठवर आले ते त्यांना कळावं म्हणून मी बोलत राहते: आता टाच, आता अंगठा, आता तो रिकामा कोपरा.

आजही बघितलं. मेसच्या गच्चीवरचं मुलींचं पुटपुटणं कानात घेऊनच घरी आले होते, ऊन उतरलं होतं.

"काय निघालं?" ह्यांनी चटईत तोंड खुपसूनच विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आज काही नाही."